पिवळ्या ओळी

सोमवार, ४ ऑगस्ट

धाकटीस,

'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, ते खोडलं. चौदा वर्षांनी पत्र लिहिताना आशीर्वादाचा आव आणू नये. तुझ्या फोनमध्ये माझा नंबर बंद आहे, म्हणून टपालानं लिहिते आहे. मुद्द्याचं आधी सांगते.

धरणाचा भोंगा न थांबता सलग वाजला, तर लगेच घराबाहेर पडायचं आणि वरच्या शाळेकडे चढायचं. थांबून थांबून, तुटक वाजला, तर ती चाचणी. तेव्हा जागचं हलायचं नाही. आजवर तुम्ही ऐकलं असेल ते याच्या बरोबर उलटं होतं: सलग म्हणजे चाचणी, तुटक म्हणजे धोका. चौदा जुलैपासून नियम बदलला. नदीकाठच्या सगळ्या गावांना एकच नियम हवा, म्हणून बदलला. का, कशाला, यावर वाद घालत बसू नकोस.

मला हे कसं ठाऊक, तेही सांगते. निवृत्त झाल्यापासून मी घरबसल्या धरण कार्यालयाच्या वेबसाइटचं काम बघते. ती तीन भाषांत आहे. मूळ मजकूर कार्यालयाच्या भाषेत लिहितात. तुमच्या खालच्या वस्तीतली माणसं आपली भाषा वाचतात, म्हणून तोच मजकूर आपल्या भाषेतही ठेवावा लागतो. ते काम माझ्याकडे. तिसरी भाषा एक गृहस्थ बघतात, त्यांच्याशी माझा संबंध नाही.

मध्यंतरी भोंग्याच्या पानावर कार्यालयाकडून थोडा घोळ झाला होता. तो आज सकाळी दुरुस्त झाला आहे. तरी वस्तीत कुणी जुनं वाचलं असेल, तर त्यांना सांग.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं आत्याच्या सुनेकडून कळलं. चालता येतं का? तुझं घर नदीपासून तिसरं. शाळेपर्यंत पायऱ्या किती आहेत? मी एकदाच आले होते, तेव्हा मोजल्या नव्हत्या.

धरण आज ऐंशी टक्के भरलं आहे. घाबरण्यासारखं काही नाही.

ताई


बुधवार, ६ ऑगस्ट

धाकटीस,

पहिलं पत्र अजून वाटेत असेल आणि मी दुसरं लिहायला बसले आहे. मी अशी नव्हे, तुला माहीत आहे. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगत नसे, आणि वर्गातली पोरं त्यालाच घाबरायची.

धरण चौऱ्याऐंशी टक्के. वेबसाइटवर हा आकडा दर तासाला बदलतो. मी दर तासाला बघते. मध्ये मध्येही बघते, जणू मी डोळे वटारले की पाणी जागेवर बसणार आहे. काल खाली रस्त्यावर कुणी ट्रक मागे घेत होतं. तो पीं पीं आवाज आला आणि माझ्या हातातून चहाचं भांडं सुटलं. मी मोठ्यानं म्हणत होते, "थांबून थांबून आहे, थांबून थांबून आहे." शेजारीण दारात आली. "बाई, कुणाला थांबवताय?" मी म्हटलं, "दूध उतू जात होतं." ओट्यावर दूध नव्हतं, ते तिनं पाहिलं. मीही पाहिलं.

परवा 'थोडा घोळ' असं लिहिलं. तो थोडा नव्हता. नीट सांगते, म्हणजे मी उगाच घाबरवते आहे असं तुला वाटणार नाही.

मूळ पानावर कुणी अक्षरभर बदल केला, की आपल्या भाषेतली तीच ओळ माझ्या पडद्यावर पिवळी होते. मी ती वाचायची, नव्या मजकुराप्रमाणे बदलायची, आणि 'मान्य' दाबायचं. पिवळा रंग जातो. पण पानाच्या तळाशी आणखी एक बटण आहे: 'सगळे मान्य'. ते दाबलं की पान कितीही पिवळं असो, एका झटक्यात पांढरं होतं. जुनी वाक्यं जशीच्या तशी राहतात आणि त्यांच्याखाली नवी तारीख पडते: अमुक दिवशी तपासले. त्यानंतर कुणालाही काही कळवलं जात नाही.

आता असं बटण ठेवावंच का, हा प्रश्न मी वेबवाल्याला विचारला आहे. वेबवाला म्हणजे कार्यालयात या पानांची मांडणी करणारा माणूस. स्वभावानं गरीब, पण हाताला स्वस्थता नाही. आज फोन नंबरांत मोकळी जागा सोडेल, उद्या ती बुजवेल, परवा पूर्णविराम हलवेल. प्रत्येक वेळी आमच्या ओळी पिवळ्या. एका आठवड्यात दोनशे. काय काय म्हणून बघायचं माणसानं?

चौदा जुलैला चौसष्ट ओळी पिवळ्या झाल्या. पहिल्या वीस नुसत्या फोन नंबरांच्या होत्या. एकविसावी भोंग्याची होती. कुणीतरी वीसच बघितल्या आणि 'सगळे मान्य' दाबलं. चौदा जुलै ते चार ऑगस्ट, एकवीस दिवस, आपल्या भाषेच्या पानावर जुना नियम आणि त्याखाली नवी तारीख होती. तेवढ्या दिवसांत ते पान चारशे अकरा वेळा उघडलं गेलं. वेबसाइट हे मोजते. कुणी उघडलं ते सांगत नाही.

त्या चारशे अकरांत तू होतीस का? एका ओळीत कळव. हो की नाही, एवढंच लिही. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

ताई


शनिवार, ९ ऑगस्ट

धाकटे,

काल तुझं पाकीट आलं. पत्त्यावर तुझं अक्षर बघून मी आधी पंख्याखाली जाऊन बसले, मग उघडलं. आत पत्र नव्हतं. एक छापलेला कागद होता. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी ओढून काढल्याच्या खुणा. वर पेनानं एक ओळ: "तुझाच कागद दाराला लावला होता. आता हे काय नवीन?"

माझाच कागद. भोंग्याचं पान, आपल्या भाषेतलं, जसंच्या तसं. सलग भोंगा म्हणजे चाचणी, घरातच थांबा. खाली: तपासले, १४ जुलै, भाषा तपासनीस. कोपऱ्यात दुकानाचा शिक्का, फोन नंबरासह. झेरॉक्स, छपाई, लॅमिनेशन.

सोमवारी पान दुरुस्त करायला मला नऊ मिनिटं लागली होती. मनात म्हटलं, चला, कुणाला कळायच्या आत निस्तरलं. दाराला चिकटलेला कागद आपोआप बदलत नाही, हे मला सुचलं नाही. चाळीस वर्षं फळा पुसण्यात गेली. पुसलं की गेलं, अशीच सवय.

शिक्क्यावरचा नंबर फिरवला. दुकान कुणाचं, मला ठाऊक नव्हतं.

"बोला, झेरॉक्स."

आवाज जाड झालाय, पण 'बोला' म्हणायची घाई तीच. माझ्याकडे पाच वर्षं शिकायला होता, तेव्हाही जेवणाला हाक मारली की जिन्यातूनच "बोला" ओरडायचा.

"टिल्लू?"

मागे यंत्राची घरघर चालू राहिली.

"मावशी? चुकून लागला का?"

"नाही. चुकून नाही."

"तेच म्हटलं. तुमचं चुकायचं कसं?"

लहानपणी मला 'तू' म्हणायचा.

मी विचारलं, "तो भोंग्याचा कागद तू छापलास?"

"छापला. तीनशे वीस. अख्ख्या वस्तीला, फुकट. का, अक्षर लहान झालं?"

"कुणी सांगितलं छापायला?"

"आईनं. इथे नेट जातं सारखं, म्हाताऱ्यांना फोनवर वाचता येत नाही. मी म्हटलं, आधी कार्यालयात विचारून येतो. तर म्हणाली, काय विचारायचंय? खाली 'तपासले' आहे ना? ते काम तुझ्या मावशीकडे आहे, आत्याच्या सुनेनं सांगितलंय. माणूस म्हणून ती कशी का असेना, तिनं तपासलंय म्हणजे काना-मात्रा इकडची तिकडे व्हायची नाही."

धाकटे, तू असं म्हणालीस? चौदा वर्षं माझं तोंड बघितलं नाहीस, आणि माझ्या तपासणीवर डोळे मिटून विसंबलीस?

मी म्हटलं, "टिल्लू, कागद चुकीचा आहे. सलग वाजला तर पळायचं."

यंत्र बंद झालं.

"आणि मी तीनशे वीस दारांना लिहून लावलंय, की बसून राहा."

"हो."

"कुणी चुकवलं?"

"कार्यालयात..." मी म्हटलं, आणि ते वाक्य तिथेच सोडून दिलं. "मी. मी चुकवलं."

मला वाटलं हसेल. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं शांतपणे विचारलं, "मावशी, किती मार्क कापायचे?"

मागच्या पत्रात 'कुणीतरी' लिहिलं, ते कुणीतरी मी. त्या दिवशी घाई नव्हती. दुपारचे तीन वाजले होते, चहा पुढ्यात होता, तब्येत ठीक होती. मी वेबवाल्यावर चिडले होते, एवढंच. वीस ओळी बघितल्या आणि म्हटलं, हा माणूस पुन्हा नंबरांशी खेळतोय, याच्या खेळात मी कशाला वेळ घालवू? आणि बटण दाबलं. सोमवारी सहज कार्यालयाच्या भाषेतलं पान उघडलं, तेव्हा नियम उलटा झालेला दिसला. तरी आधी काय केलं, तर दार लावून घेतलं. एकटी राहणारी बाई, बघायला कोण होतं? खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं.

टिल्लूनं कालच घरोघर जाऊन सांगितलं. संध्याकाळी त्याचाच फोन आला. लोक हसतात म्हणाला. "काल सलग म्हणजे थांबा, आज सलग म्हणजे पळा. तुझ्या मावशीला म्हणावं, एकदा काय ते ठरव." काहींनी कागद काढूच दिला नाही. छापलेलं आहे, तारीख आहे, तपासलेलं आहे. आणि तू आपला तोंडी सांगतोस.

"आई काय म्हणते?" मी विचारलं.

"आई म्हणते, एकदा तिच्या शब्दावर माझा पोरगा कामातून गेला. आता तिच्याच शब्दावर घर सोडून पळू? ती हलणार नाही, मावशी."

धरण नव्वद टक्के.

ताई


सोमवार, ११ ऑगस्ट

धाकटे,

शनिवारीच, तुझं पत्र टपालात टाकल्यावर, वेबवाल्याला फोन केला.

"बाई, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "पान आता बरोबर आहे ना?"

"पान बरोबर आहे. दारं चुकीची आहेत."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग म्हणाला, "अरे देवा," आणि त्याचा आवाज माझ्यासारखाच झाला. माणूस भला आहे. पूर्णविराम हलवतो, पण रविवारी सुटीच्या दिवशी साहेबांच्या घरी जाऊन बसला. मी लेखी पाठवलं होतं: 'चूक माझी आहे, पान न वाचता मान्य केले.' एवढी एक ओळ लिहायला मला अर्धा दिवस लागला.

साहेबांनी गाडी पाठवायचं ठरवलं. भोंग्याचा नवा नियम कर्ण्यावरून सांगत वस्तीभर फिरायची. मला रडू आलं. म्हटलं, सुटले.

आज सकाळी टिल्लूचा फोन. "मावशी, गाडी आली आणि गेली."

"मग?"

"मग काय? कार्यालयाच्या भाषेत बोलून गेली. पोरं मागे धावली. शेजारची काकू विचारते, गाद्या विकतायत का?"

मी वेबवाल्याला म्हटलं, "आपल्या भाषेत का नाही?"

"बाई, ते आधी भरून ठेवलेलं असतं. दुसऱ्या भाषेतलं भरायचं, तर मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो. गुरुवारपर्यंत होईल."

"मंजूर कोण करतं?"

तो म्हणाला, "भाषा तपासनीस. म्हणजे तुम्हीच. पण साहेब म्हणतात, आता तुमच्याकडून नको. दुसरं कुणीतरी बघतोय आम्ही."

साहेबांचं काही चुकलं नाही. त्यांच्या जागी मी असते, तर मीही तेच म्हटलं असतं, जरा जास्त कडक शब्दांत.

धरण चौऱ्याण्णव. आता भीती कशी आहे ते सांगू? पाण्याची वाटत नाही. पाणी मला दिसतच नाही. मला तू दिसतेस. खिडकीपाशी खुर्चीत, पाय स्टुलावर ठेवून. भोंगा वाजतो, सलग. तू दाराकडे बघतेस, तिथे लिहिलेलं तुला पाठ आहे. "चाचणी आहे," म्हणतेस आणि रेडिओ मोठा करतेस. मी लिहिलंय तेच तू करतेस, अगदी शहाण्या मुलीसारखी. हे दिवसातून कितीदा दिसतं, ते मोजणं सोडून दिलं आहे.

भावजी गेले तेव्हा दोन ओळी पाठवल्या होत्या, आले नाही. आता येते आहे. दुपारच्या बसनं निघाले तर दिवे लागायला पोचेन. टिल्लू दुकानात झोपायला जागा देतो म्हणाला. 'या' म्हणाला नाही, 'जागा आहे' म्हणाला. तेवढं पुरे.

हे पत्र टपालात टाकत नाही, बरोबरच आणते. पेन घेतलं आहे. लाल.

ताई


मंगळवार, १२ ऑगस्ट, दुपारी दोन, तुझ्या पायरीवर

धाकटे,

तू आतून म्हणालीस, "लिहून दे. तेव्हा दिलं होतंस तसं." आणि दाराच्या फटीतून ती चिठ्ठी दाखवलीस. चौदा वर्षं जपून ठेवलीस! 'पेपर दोनदा तपासला आहे. गुण योग्य.' खाली माझी सही, तारीख.

लिहून देते. कागदाला तोटा नाही. दारांवरून काढलेला गठ्ठा मांडीवर आहे, सगळे पाठकोरे.

सकाळी सहापासून फिरते आहे. प्रत्येक दारावरच्या दोन ओळी लाल पेनानं खोडायच्या, बरोबर ते लिहायचं, आणि घरातल्या माणसाला सांगायचं: हे मीच तपासलं होतं, मी चुकले. जिथे खोडून जागा उरत नाही, तिथे कागद काढून टिल्लूनं पहाटे छापलेला नवा लावायचा. पहिल्या दाराशी माझा आवाज फुटेना. टिल्लू मागून म्हणाला, "मोठ्यानं, मावशी. आजींना कमी ऐकू येतं." आजींना चांगलं ऐकू येत होतं. शिंपी म्हणाला, "बाई, माझं माप चुकलं तर कापड वाया जातं. तुमचं चुकलं तर?" मी म्हटलं, "म्हणूनच आले." त्यानं यंत्र झाकलं आणि बायकोला हाक मारली. माणसं ऐकतात, धाकटे. लिहिणारीच दारात उभी राहून चुकले म्हणते, तेव्हा ऐकतात. पन्नासेक दारांनंतर तो शब्द तोंडात बसला. बसला म्हणजे सोपा झाला असं समजू नकोस.

खालच्या ओळीपासून सुरुवात करायला हवी होती. पाणी तिथे आधी येतं, टिल्लू म्हणालाही. मी वरून सुरुवात केली, कारण खालून तिसरं दार तुझं होतं. शेवटी खालची ओळ त्यानं एकट्यानं केली. धरण काठोकाठ आलं म्हणून त्या घरांतली सगळी माणसं भोंग्याआधीच शाळेत पोचली आहेत. या ओळीत आता तू आहेस आणि पायरीवर मी. टिल्लू शिंप्याच्या वडिलांना पाठीवर घेऊन चढला आहे, तो येईल परत.

आता त्या चिठ्ठीचं.

पेपर मी दोनदा तपासला नव्हता. तू त्या दिवशी आलीस, दारात उभी राहून म्हणालीस, तीनच मार्कांचा प्रश्न आहे, ताई, एकदा पुन्हा बघ, त्याची तंत्रनिकेतनातली जागा जाईल. गठ्ठा कपाटात होता. किल्ली माझ्या कमरेला होती. मी कपाट उघडलंच नाही. स्वतःच्या भाच्यासाठी पेपर पुन्हा उघडला, तर शाळेत काय म्हणतील, असं वाटलं. म्हणून न उघडता लिहून दिलं, दोनदा तपासला आहे. ते तीन गुण त्याचे होते की नव्हते, मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही. पेपर त्याच वर्षी रद्दीत गेले.

चौदा जुलैला मी तेच केलं. उघडून न बघता खाली सही.

टिल्लूला हे मघाशी वरच्या वळणावर सांगितलं. तो थोडा पुढे गेला, मग परत आला आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. "चल," म्हणाला. 'चला' नाही म्हणाला. त्याचा मी काही अर्थ लावत नाही. तू आई आहेस, तू लाव.

ती चिठ्ठी फाडू नकोस, ठेव. वाटेल त्याला दाखव. पण आता ऊठ. शाळेपर्यंत दोनशे बारा पायऱ्या आहेत, आज मोजल्या. कुबडी घेऊन तुला पाऊण तासाच्या वर लागेल. धरणाची दारं उघडण्याआधी भोंगा वाजतो, आणि तो वाजल्यावर इथे पाणी यायला पाऊणच तास लागतो. वेबवाल्यानं सकाळी आकडा सांगितला, अठ्ठ्याण्णव. भोंग्याची वाट बघून तुझं भागणार नाही. आत्ताच निघायला हवं. औषधं घे, बाकी काही घेऊ नकोस.

मी पायरीवर आहे. तू निघाल्याशिवाय मी जाणार नाही. हा धाक घालत नाही. धाक घालायची माझी पत उरलेली नाही. माझेच पाय कापताहेत, एकटीनं त्या दोनशे बारा पायऱ्या मला चढवणार नाहीत. तुझा एक गुडघा गेला आहे, माझे दोन्ही लटपटताहेत. तू मला धर, मी तुला धरते. वर गेल्यावर हवं तर पुन्हा बोलू नकोस.

मी चुकले. तेव्हाही आणि आत्ताही. खाली सही करते, या वेळी वाचून.

ताई

ता. क. भोंगा वाजतोय. मोजते आहे. दहा. वीस. तीस झाले, थांबला नाही. चाळीस. सलग आहे, धाकटे. कागद आत सरकवते.

वाचू नकोस. दार उघड.